माझ्यावर बसलेले प्रेक्षक

मित्रांनो, मला सुक्या बोंबलांचा वास येतो. नाक मुरडू नका. हा वास धुऊन जात नाही, आणि आता तो जावा असं मलाही वाटत नाही. मी एक जुनी सतरंजी आहे. निळे आणि विटकरी पट्टे असलेली, एका टोकाला उसवलेली, चहाचे डाग पडलेली. मी नाटकवाल्यांची आहे. नाटकवाल्यांकडे राहून माणूस शहाणा होतो की नाही ते मला माहीत नाही, पण सतरंजी मात्र वैतागते. तोच वैताग आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म सोलापूरचा. हातमागावर दोन विणकर शेजारी शेजारी बसून मला विणत होते. त्यातला म्हातारा विणकर म्हणायचा, "ही लग्नाच्या पंगतीला जाणार. चार पिढ्या जेवतील हिच्यावर." मीही तेच स्वप्न पाहत होते. श्रीखंड सांडेल, अक्षता सांडतील, लहान मुलं माझ्यावर लोळतील. पण मला विकत घेतलं दाजींनी. दाजी म्हणजे भाईंदरचे चित्रकलेचे शिक्षक. सगळं गाव त्यांना दाजीच म्हणायचं. त्यांना नाटकाचं भयंकर वेड. त्यांनी 'उधाण नाट्यमंडळ' काढलं होतं आणि तालमीला बसायला काही नव्हतं, म्हणून मी आले. अक्षता राहिल्या बाजूला. माझ्या नशिबी नटांचे पाय आणि विड्यांची थोटकं आली.

तरी ते दिवस चांगले होते. दाजींचा एक नियम होता. नाटक स्पर्धेला जाण्याआधी ते एखाद्या आळीत करायचं. कधी खारी गावात, कधी स्टेशनपलीकडच्या चाळीत. मला रस्त्यावर पसरायचे. बायका, म्हातारे, पोरं सगळे दाटीवाटीनं बसायचे. नाटक संपलं की दाजी समोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "काय पटलं नाही ते आधी सांगा. कौतुक नंतर." लोक सांगायचे! एकदा एक बाई उठून म्हणाली, "तुमची सासू फारच वाईट दाखवलीय. इतकी वाईट असती तर ती सून पहिल्याच अंकात गेली असती." दाजींनी नाटक बदललं. ती बाई पुढच्या प्रत्येक प्रयोगाला आली आणि शेजारणींनाही घेऊन आली. याला तेव्हा कुणी उपक्रम म्हणत नव्हतं. याला ओळख म्हणायचे.

मग शहर वाढलं. शेतं आणि मिठागरं जाऊन इमारती आल्या. गुजराती, मारवाडी, उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे, सगळीकडचे लोक आले. दाजी थकले. मंडळ त्यांनी मिनल आणि दिपेश या दोघांच्या हाती दिलं. दिपेश नाटकं लिहायचा आणि बसवायचा. मिनल काम करायची आणि बाकीचं सगळं बघायची. बाकीचं सगळं म्हणजे काय, ते ज्यांनी मंडळ चालवलंय त्यांनाच कळेल. पुढे शहरात मोठं नाट्यगृह झालं. गुबगुबीत खुर्च्या, गार हवा, लाल पडदा. माझी गरज संपली. मला गुंडाळून सामानाच्या खोलीत पुठ्ठ्याच्या सिंहासनाखाली कोंबलं.

तिथून मला प्रयोग ऐकू यायचे. संवाद जोरात, टाळ्या मात्र पापड मोडल्यासारख्या. का? तर प्रेक्षकांत नटांच्या आत्या, मावश्या आणि एखादा चुलतभाऊ. त्याच माणसांनी तेच नाटक तिसऱ्यांदा पाहायचं आणि तिसऱ्यांदा म्हणायचं, "छान झालं हं." आणि दिपेश दर वेळी सामानाच्या खोलीत येऊन चिडायचा, "या शहराला नाटक नकोच आहे." अरे, शहराला विचारलंस का कधी? पण सतरंजीचं कोण ऐकतो!

शेवटी मिनलनं ऐकलं. माझं नाही, स्वतःचं. एके दिवशी तिनं मला सिंहासनाखालून ओढून काढलं, गच्चीवर नेऊन काठीनं बडवलं आणि म्हणाली, "लोक येत नाहीत ना? मग आपण जाऊ."

दिपेशला कल्पना आवडली. आवडली ती जरा चुकीच्या कारणासाठी. त्यानं ताबडतोब मोठा फलक छापून घेतला: 'चला, प्रेक्षक घडवू या!' मित्रांनो, मला सांगा, कुणी तुमच्या दारात येऊन 'आम्ही तुम्हाला घडवायला आलोय' असं म्हणालं, तर तुम्ही त्याला पाणी तरी द्याल का?

पहिल्यांदा आम्ही मीरा रोडच्या एका सोसायटीत गेलो. तिथल्या सेक्रेटरी हंसाबेन मोठ्या उत्साही. त्यांनी खालचा हॉल उघडून दिला आणि विचारलं, "मराठी में है? हमको समझेगा?" खरं तर हा किती चांगला प्रश्न होता! त्यावर बसून बोलता आलं असतं. पण दिपेशनं 'रंगभूमीचं समाजातील स्थान' या विषयावर भाषण सुरू केलं. मुलं माझ्यावरून धावू लागली. एका आजोबांना डुलकी लागली. भाषण संपल्यावर फलकासमोर फोटो काढला, फुकटचे पास वाटले, मला गुंडाळलं आणि निघालो. प्रयोगाला त्या सोसायटीतून दोघं आली. त्यातला एक गार हवेत झोपायला आला होता.

मग दुसरी सोसायटी, मग तिसरी. तेच भाषण, तोच फोटो. एकाही ठिकाणी आम्ही दुसऱ्यांदा गेलो नाही. मी पसरले जायचे आणि माझी घडी मोडायच्या आत पुन्हा गुंडाळली जायचे. कुणाच्या बुडाची ऊबसुद्धा मला लागेना. वैताग नुसता!

आणि मग आम्ही उत्तनला गेलो.

समुद्राजवळ, चर्चच्या मागच्या बाजूला एक अंगण होतं. बाजूला बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. तिथं मासळी निवडणाऱ्या बायका दुपारी जरा टेकायच्या. त्यांत एव्हलिन होती. साठीची, धिप्पाड, आवाज असा की होडीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून हाक मारावी. तिच्या शेजारी तिचा नवरा कॅजिटन बसायचा. तो कुणाशी फारसं बोलायचा नाही. नुसता बघत असायचा.

दिपेशचं भाषण झालं. फोटो झाला. मिनल मला गुंडाळायला वाकली, तेवढ्यात एव्हलिन म्हणाली, "झाला तुमचा?"

"हो आंटी, झालं," मिनल म्हणाली.

"मग आता तुमी परत कवा येनार?"

दिपेश मोबाइलमध्ये फोटो बघू लागला. मिनल अर्धी गुंडाळलेली मला तशीच धरून उभी राहिली. एव्हलिन हसली. "न्हाय येनार. मना म्हायती हाय. निवडणुकीचे येतात, डोळे तपासायचे येतात, नदी-समुद्र साफ करनारे येतात. फोटो काढतात आनि जातात. आमी फोटोतलीच मानसं हाव."

मिनल लाल झाली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी येते."

"रविवारी तालीम आहे," दिपेश मागून पुटपुटला.

"मग तू तालीम कर. मी येते."

आणि ती आली. मला खांद्यावर टाकून भाईंदर स्टेशनपासून उत्तनच्या बसनं. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, ये बिस्तर नीचे रखो." मला बिस्तर म्हणाला! पण तेही सोसलं. मिनल पुढच्या रविवारी आली, त्याच्या पुढच्याही आली. भाषण नाही, फलक नाही. नव्या नाटकाचे कागद घ्यायची आणि वाचून दाखवायची. बायका मासळी निवडता निवडता ऐकायच्या. कुठं हसायच्या, कुठं भांडायच्या. "हा पोरगा असा का वागतो? त्याला आई न्हाय काय?" असं विचारायच्या. हळूहळू एव्हलिन स्वतःच आईचे संवाद वाचू लागली. अडखळायची, पण असं वाचायची की ऐकणाऱ्या बाईच्या हातातला मासा हातातच राहायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली, नाताळाच्या आधी घरं रंगवून झाली. माझ्यावर खवले पडले, कोळंबीचं पाणी सांडलं, बोंबलांचा वास माझ्या धाग्याधाग्यात शिरला. मी तक्रार करायचे, पण रविवार उशिरा उजाडला तर मलाच चैन पडायचं नाही.

शेवटी एव्हलिनच म्हणाली, "बाय, आता तुमचा खरा नाटक बघू. तिथं येऊन."

मिनल त्या दिवशी बसमध्ये एकटीच हसत होती.

प्रयोगाच्या दिवशी उत्तनहून एक टेम्पो भरून माणसं आली. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या, केसांत फुलं माळली होती. कॅजिटननं इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला नाट्यगृहाच्या बाहेरच्या दालनात पसरलं होतं, प्रयोगानंतर गप्पा मारायला. त्यामुळे उघड्या दारातून मला आतलं सगळं दिसत होतं. आणि जे दिसलं त्यानं माझे पट्टे फिके पडायची वेळ आली. पुढच्या रांगा पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. पाहुणे आलेच नव्हते. तरीही उत्तनच्या माणसांना दिपेशनं अगदी मागे बसवलं.

नाटक सुरू झालं. थोड्या वेळानं आतून एव्हलिनचा आवाज येऊ लागला. नाटकातलं वाक्य झालं की पाठोपाठ तिचं वाक्य. आत कुणीतरी "शूऽऽ" केलं. ती थांबली. पुन्हा सुरू झाली. पुन्हा "शूऽऽ".

मध्यंतरात दिपेश तणतणत दालनात आला. मिनल दुसऱ्या अंकाची साडी नेसून दारात उभी होती. तो तिच्यावर ओरडला, "तुझ्या माणसांना गप्प बसायला सांग! हा मासळी बाजार नाहीये!"

एव्हलिन त्याच्या मागेच उभी होती. हातात वड्याची बशी होती. बशी तिनं खिडकीत ठेवली. आत गेली, कॅजिटनचा दंड धरून त्याला बाहेर आणलं. मागोमाग एकेक बाई आली. माझ्यावर पाय न देता सगळ्या कडेकडेनं निघून गेल्या. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला, तेव्हा मागच्या रांगा रिकाम्या होत्या.

प्रयोग संपल्यावर मिनल दिपेशसमोर उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही. "मला ही माणसं जोडायला जवळजवळ वर्ष लागलं," ती म्हणाली. "तुला एक वाक्य लागलं."

"नाटकाची काही शिस्त असते की नाही?"

"असते. पण बोलावलेल्या माणसाची आधी काही किंमत असते की नाही?"

दिपेश चूक मान्य करेना. मंडळातले अर्धे लोक त्याच्या बाजूचे, अर्धे मिनलच्या. बोलणी बंद झाली. पुढच्या प्रयोगाची तारीख घेतलेली होती आणि एकही तिकीट खपलं नव्हतं. आत्या-मावश्यासुद्धा कंटाळल्या होत्या. मिनलनं सांगून टाकलं, "हा प्रयोग होऊ दे. मग मंडळ बंद करू. मला आता कुणाच्या दारात जायला तोंड नाही."

पण रविवारी ती मला उचलून निघाली. तोंड नाही म्हणे! उत्तनच्या अंगणात मला पसरलं आणि एकटीच बसली. कुणी आलं नाही. बायका लांबून जायच्या, माना वळवून. पुढच्या रविवारीही तेच. मला तिचा राग येऊ लागला. बाई गं, नाही येत ती माणसं, कशाला स्वतःचा अपमान करून घेतेस आणि माझाही? उन्हानं माझा रंग उडत होता.

त्यानंतरच्या रविवारी एव्हलिन आली. बसली नाही. माझ्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कशाला येते तू?"

"येते म्हणाले होते, म्हणून," मिनल म्हणाली.

"तुज्या त्या मानसानं आमाला बाजार म्हटला. बाजार वाईट हाय काय? त्या बाजारावर माजी दोन पोरं शिकली."

"चुकलंच ते, आंटी."

"आनि मी काय गजाली करत होते तिथं? आमच्या म्हाताऱ्याला आयकू येत न्हाय. सारा जनम बोटीच्या इंजिनाशेजारी गेला त्याचा. इथं तू वाचते तवा तो तुज्या तोंडाकडं बघतो, त्याला कळतं. तिथं एवढ्या लांब बसवला. तोंड दिसत न्हाय, काय न्हाय. मंग मी त्याला सांगत होते. तो एकेक गोष्ट विचारत होता. इतक्या वर्षांनी काय तरी विचारत होता, बाय!"

मिनलनं तोंडावर हात ठेवला. इतके रविवार तो माणूस माझ्यावर बसला होता. मला वाटायचं तो अबोल आहे. मिनललाही तसंच वाटायचं. कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी मला दिपेशइतकाच स्वतःचाही वैताग आला.

"त्याला घेऊन ये," एव्हलिन म्हणाली. "त्या दिपेसला. आमच्या म्हाताऱ्याशी बोलू दे. मंग बघू."

मिनलनं दिपेशला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला, पण तो म्हणाला, "मी फोन करून सॉरी म्हणतो." ही एक नवी पद्धत! ऐकू न येणाऱ्या माणसाला फोन! तेव्हा दाजी काठी टेकत सामानाच्या खोलीत आले होते. पुठ्ठ्याच्या सिंहासनावर बसून ते म्हणाले, "दिपेश, मी तुला लिहायला शिकवलं, बसवायला शिकवलं. लोकांसमोर उभं राहून ऐकून घ्यायला शिकवायचं राहिलं. ते आता तिकडे शिकून ये."

रविवारी दिपेश आला. बुटासकट माझ्यावर उभा राहिला. उसवलेल्या टोकावरच! अंगणात सगळ्या बायका जमल्या होत्या. आज त्यांना निवडायला मासळी नव्हती, त्या खास बघायला आल्या होत्या. कॅजिटन मधोमध बसला होता. दिपेशनं आजूबाजूला बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, "अंकल, त्या दिवशी माझं चुकलं."

कॅजिटननं एव्हलिनकडे पाहिलं. "काय बोलतो तो?"

"मोठ्यानं बोल," एव्हलिन दिपेशला म्हणाली. "आनि त्याच्याकडं बघून."

दिपेश घसा खाकरून म्हणाला, "माझं चुकलं!"

"आं? कोन चुकला?"

बायकांतून हसू फुटलं. दिपेशचे कान लाल झाले. मला वाटलं, हा आता पळतो. पण त्यानं बूट काढले. कॅजिटनसमोर मांडी घालून बसला, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, आणि असा ओरडला की वलांडीवरचे कावळे उडाले. "मी चुकलो, अंकल! मी तुम्हाला मागे बसवलं! आंटींना नको ते बोललो! मला माफ करा!"

पलीकडच्या गल्लीतली माणसं दारात आली. कॅजिटननं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग म्हणाला, "आयकला. ओरडतो कशाला? मी बहिरा हाय, आख्खा उत्तन न्हाय." आणि जरा थांबून म्हणाला, "त्या नाटकातला पोरगा शेवटी घरी येतो काय? आमी आर्धा सोडून आलो."

दिपेश त्याला शेवट सांगू लागला. तोंडासमोर तोंड धरून, हातवारे करून, सगळी पात्रं स्वतःच करून. मित्रांनो, या लेखकाचं इतकं चांगलं काम मी रंगमंचावरसुद्धा ऐकलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एव्हलिन बसली. मग बाकीच्या बसल्या. माझ्यावर जागा पुरेना.

आता तुम्हाला वाटेल, पुढचा प्रयोग हाउसफुल झाला. कसला होतोय! पन्नासाच्या वर जेमतेम माणसं. रागावलेल्या बायकांतल्या काही पुन्हा कधीच आल्या नाहीत. एका वाक्याचं ते असंच असतं, ते सगळं भरून येत नाही. पण प्रयोग दुपारी ठेवला होता, उत्तनची बस सापडावी म्हणून. पुढच्या रांगा ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी ठेवल्या होत्या. मिनल पुन्हा हंसाबेनकडेही गेली होती, या वेळी फलक न घेता. हंसाबेन आपल्या सासूबाईंना घेऊन आल्या. त्यांनाही ऐकू कमी आणि मराठीही कमी. एव्हलिन कॅजिटनच्या कानाशी मराठीत सांगत होती, हंसाबेन सासूच्या कानाशी गुजरातीत. नट जरा थांबून थांबून बोलत होते. कुणी "शूऽऽ" केलं नाही. टाळ्या मात्र टाळ्यांसारख्या वाजल्या. मंडळ बंद करायची गोष्ट मिनलनं पुन्हा काढली नाही. दाजींनीही विचारली नाही.

तेव्हापासून आमचे रविवार चालू आहेत. मागच्या महिन्यापासून आम्ही शेजारच्या तारोडी गावातही जातो, एव्हलिनला बरोबर घेऊन. मला आता दिपेश उचलतो. चुकीच्या खांद्यावर घेतो आणि माझं टोक जमिनीवर फरफटत नेतो. किती वर्षं नाटक करतोय, पण सतरंजी धरता येत नाही. तारोडीला पहिल्या दिवशी तो भाषणाला उभा राहिलाच होता. एव्हलिननं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं आणि समोरच्या माणसांना म्हणाली, "हा बोलतो लय, पन मानूस बरा हाय. तुमी आधी तुमचा सांगा."

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले. माझे धागे विरत चालले आहेत. तुम्ही मोठे व्हाल, नाटक कराल, वाचनालय काढाल, गाण्याचा वर्ग काढाल. लोक येत नाहीत म्हणून शहराच्या नावानं बोटं मोडाल. तेव्हा या सतरंजीचं एवढं ऐका. माणसांना बोलवायचं असेल तर आधी त्यांच्याकडे जाऊन बसा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि ती आली की त्यांना मागे बसवू नका. तुमच्या कलेची काळजी घेणारे पुष्कळ असतात. आलेल्या माणसाची काळजी तुम्हालाच घ्यावी लागते.

सांगून सांगून थकले मी. उद्या पुन्हा रविवार आहे. कॅजिटनला नव्या नाटकातला नावाडी पटलेला नाही, आणि दिपेश आत्तापासूनच हुज्जतीची तयारी करत बसला आहे. उद्या दोघं माझ्यावर बसून तास न् तास भांडतील आणि माझं उरलेलं टोकही उसवतील. उसवू देत. रिकामी असताना मी जास्त विरले होते.